परिशिष्ट क्रमांक दोन

“लिही की, थांबलीस का?” काजूगर निवडता निवडता कृष्णातमामा म्हणाले. “गडहिंग्लजच्या मिठाईवाल्याला अख्खा गर धाडला तर शिव्या घालतोय. बर्फीत घालायला त्याला बारीक तुकडा लागतोय. पर वास करपट नको.”

मी लिहिलं. एमबीएला एक उद्योग निवडून त्यातल्या कंपन्या आणि त्यांचे स्पर्धक यांचा अभ्यास करायचा होता. मी आजऱ्याचा काजू निवडला, कारण मामा माझ्या आईच्या गावचे. पत्र्याची शेड, एक बॉयलर, काजू सोलायला चार बायका, एवढाच त्यांचा कारखाना. आपल्या वस्तीतल्या लेकीची पोरगी कोल्हापुरात एमबीए करते, याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

“समदंच सांगताय की मामा,” सोलणाऱ्या चिमणाबाई हसल्या. “उद्या हीच समोर शेड टाकंल.”

“टाकू दे. आपलीच दीक्षा हाय. तिच्यापास्नं काय लपवायचं?”

मामा माल द्यायचे ती तेवीस दुकानं. कुणाला पाकळी, कुणाला तुकडा, कुणाला किती भाजलेला, कुठल्या महिन्यात. बावीस वर्षांत मामांनी यातलं काही कागदावर उतरवलं नव्हतं. मी उतरवलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. निरीक्षण केलं की नोंदवायचं, ही प्रयोगशाळेतली सवय. तक्ता करून अहवालाच्या शेवटी ‘परिशिष्ट क्रमांक दोन’ म्हणून जोडला. दुकानांची नावं झाकावीत, हे मला सुचलंच नाही.

सादरीकरणाला पाहुणे परीक्षक म्हणून विजयसिंह आले होते. त्यांची मोठी काजू कंपनी माझ्याच अहवालात ‘प्रमुख स्पर्धक’ म्हणून होती. ते शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले.

“ही माहिती कुठनं मिळवलीस?”

“प्रत्यक्ष मुलाखतीतून, सर.”

“फार नेमकं काम आहे. एक प्रत दे मला.”

मी धावत जाऊन झेरॉक्स काढून आणली. वर्गात पहिली आले. एक बांधलेली प्रत मामांनाही दिली.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर आजऱ्याला गेले. ऐन हंगामात बॉयलर थंड होता. चिमणाबाई एकट्याच सोलत बसल्या होत्या.

“जय भीम, मामा.”

“जय भीम. ये, बस. चौदा दुकानं गेली बघ. विजयसिंहाचा माणूस फिरला. ज्याला जे पायजे नेमकं तेच घेऊन गेलता. कसं कळलं असंल गं?”

मामांनी बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवरून माझा अहवाल काढला.

“ते ऱ्हाऊ दे. ह्यात आमचं नाव कुठं हाय, दाव की. इंग्रजी मला कुठलं वाचाय येतंय? पावणं आलं की नुसतंच वरचं पान दावतोय.”

मामांचं नाव तिसऱ्या पानावर होतं. तेवढंच दाखवता आलं असतं. मी शेवटचं पान उघडलं आणि एकेक दुकान वाचत गेले, कुणाला काय लागतं त्यासकट. सुरुवातीला मामा प्रत्येक नावाला मान हलवत होते. गडहिंग्लजच्या मिठाईवाल्याला मान हलवायची थांबली.

“हे त्यानं बघितलं व्हतं?”

“मीच प्रत दिली, मामा.”

चिमणाबाईंचे हात थांबले.

“एक बी नाव चुकलं न्हाय तुझं,” मामा म्हणाले. “चिमणाबाई, च्या ठेव. पोरगी लांबनं आलीया.”

मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं अहवालाचं वरचं पान पुसलं आणि तो होता तिथंच, फळीवर नीट ठेवला.