दुर्बिणीने पाहिलेला हात

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. माझ्या डाव्या काचेच्या कडेला बुरशीची बारीक जाळी धरली आहे. डोळ्यांना टेकणाऱ्या रबरी कडा वाळून चिरल्या आहेत. चामडी पट्टा तुटला तेव्हा माझ्या मालकाने त्या जागी बुटाची नाडी बांधली, ती आजही तशीच आहे. तरी मला उजेडात नीट धरलेत, तर नदीपलीकडच्या झाडाचे एकेक पान मी तुम्हाला वेगळे दाखवीन.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात लोलक बसवले, मला डोळ्यांना लावून खिडकीबाहेर पाहिले आणि समाधानाने मान हलवली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. पुढे मी जहाजातून अमेरिकेला आले आणि इंडियाना राज्यातल्या वॉटसन फेरी नावाच्या लहानशा गावी एका दुकानाच्या काचेत जाऊन बसले. तिथून डोरीन प्रुइट नावाच्या बाईने मला आपल्या नवऱ्यासाठी विकत घेतले. नवरा लोवेल शाळेची बस चालवत असे आणि नुकताच निवृत्त झाला होता.

"घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस," डोरीन त्याला म्हणाली. "पक्षी बघत जा."

लोवेलने पक्षी पाहिले, नाही असे नाही. पण कुठलासा सुतार पक्षी उडत उडत बेसबॉलच्या मैदानावर गेला, त्याच्या मागे माझी नजर गेली, आणि लोवेल परत पक्ष्यांकडे वळलाच नाही. पुढे डोरीन वारली. मग मी सकाळपासून त्याच्या गळ्यात असे. रिकाम्या घरात त्यालाही काहीतरी गळ्यात हवेच होते.

वॉटसन फेरीच्या संघाचे नाव 'नावाडी'. बेसबॉलच्या मोठ्या संघांनी हेरलेली कोवळी पोरे आधी अशा लहान गावांत खेळतात. तिथे जी तावूनसुलाखून निघतात, ती वर जातात. बाकीची घरी जातात. लोवेलला त्यांच्यात रस होता तो एका खेळामुळे. गावातल्या काही मित्रमंडळींनी वर्षानुवर्षे एक लीग चालवली होती. त्यात प्रत्येकाचा एक संघ असे, पण तो मनातला. खरे खेळाडू देशभर कुठेकुठे खेळत आणि त्यांच्या खेळाचे गुण या मंडळींच्या संघांना मिळत. उन्हाळ्याच्या मध्यावर एक दिवस निवडीचा असे. त्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या पाळीप्रमाणे होतकरू पोरे निवडून ठेवायची. ती पोरे पुढे मोठ्या लीगमध्ये पोचली, की निवडणाऱ्याचे भाग्य उजळले.

म्हणून लोवेल उन्हातान्हात मैदानावर बसून पोरे पारखत असे. कोण चेंडू सोडताना खांदा पाडतो, कोण हरल्यावर हातमोजा आपटतो, सगळे तो माझ्यातून टिपायचा. न्हावी हार्व बेंडर त्या लीगचा कारभारी होता. तो म्हणायचा, "लोवेलची नजर म्हणजे घारीची. नशीब तेवढं कोंबडीचं!" कारण घारीची नजर असूनही लोवेलचा संघ नेहमी तळाला. जिंकणाऱ्याला वर्षभर मिरवायला एक पत्र्याचा कोंबडा मिळे. कुठल्याशा पाडलेल्या कोठाराच्या छपरावरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा. तो कोंबडा दोन वर्षे लोवेलच्या शेजारच्याच घराच्या ओसरीवर होता, आणि ते घर त्याच्या बहिणीचे, नेटीचे होते.

"काय रे लोवेल," सकाळी कॉफीचा कप घेऊन नेटी कुंपणाशी यायची, "माझा कोंबडा आरवला, ऐकलास का?"

"पत्र्याचा आहे तो. आरवेल कसा?"

"जिंकणाऱ्याला ऐकू येतो."

लोवेल हसायचा. पण मी त्याच्या छातीवर असे, मित्रांनो. ते हसणे वरवरचे होते, हे मला आतून कळे.

त्या उन्हाळ्यात नेटीने नावाड्यांचा एक खेळाडू घरी ठेवून घेतला. गावातली बरीच घरे असे करत. पोराचे नाव एलिसेओ, वय वीस, निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमार गावातला. तो पिचर होता, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू टाकणारा. त्याचा चेंडू इतक्या वेगाने येई, की झेलणाऱ्याच्या हातमोज्यातून फटाका वाजल्यासारखा आवाज होई. नेटीला तो 'दोन्या नेटी' म्हणायचा. "दोन्या म्हणजे काय रे? म्हातारी का?" असे ती दरडावून विचारायची, आणि "बाईसाहेब" असे उत्तर आले की गालातल्या गालात हसायची. रविवारी तो तिच्या स्वयंपाकघरात तांदूळ आणि लाल घेवडा परतायचा. मग त्याच्या आईचा फोन यायचा. दोन बाया एकमेकींची भाषा न कळता बराच वेळ बोलत राहायच्या. मध्ये उभा राहून एलिसेओ दोन्हीकडचे सांगायचा आणि लाजायचा.

गाव त्याच्यावर खूश होते. यंदाच्या निवडीत पहिले नाव त्याचेच लागणार, हे न्हाव्याच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस सांगत होता. आणि पहिली पाळी होती लोवेलची, कारण शेवटच्याला पहिली पाळी मिळे.

निवडीच्या आदल्या आठवड्यात दुपारचा सराव चालला होता. बाकांवर लोवेलखेरीज कोणी नव्हते. एलिसेओ कुंपणाच्या आडोशाला सराव करत होता. लोवेलने मला तिकडे वळवले आणि मी तो पोरगा अगदी हाताच्या अंतरावर आणून ठेवला.

त्याने एक चेंडू टाकला. मग इकडेतिकडे पाहिले, पाठ वळवली, आणि कपाळ लाकडी कुंपणाला टेकवले. डाव्या हाताने त्याने उजवे कोपर आवळून धरले होते. पाण्याच्या बाटलीचे झाकण उजव्या हाताने फिरेना, तेव्हा त्याने ते दातांनी उघडले. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. डोळ्यांत पाणी होते. ते सगळे मी लोवेलला दाखवले. माझे कामच ते.

लोवेलने मला खाली घेतले, काचा सदऱ्याने पुसल्या आणि पुन्हा पाहिले. काच स्वच्छच होती.

संध्याकाळी एलिसेओ दोन घरांमधल्या कुंपणाशी आला. "मिस्टर लोवेल, तुम्ही बघत होतात. मला काच चमकलेली दिसली."

"दुखतंय का फार?"

"थोडं. कोणाला सांगू नका हं. सांगितलंत तर बाहेर बसवतील, मग घरी पाठवतील. माझ्या मागे दोन भाऊ शिकतायत."

"अरे, पण संघाच्या डॉक्टरला तरी..."

"नका ना. तुमच्या पाया पडतो."

"बरं," लोवेल म्हणाला. "नाही सांगत."

इथे थांबले असते, तरी मी त्याला फार दोष दिला नसता. पोराने शब्द मागितला, म्हाताऱ्याने दिला. पण त्या रात्रीपासून लोवेलच्या मनात दुसरेच काही शिजू लागले. दुखऱ्या हाताची बातमी साऱ्या लीगमध्ये त्याला एकट्याला ठाऊक होती.

निवड नेटीच्या ओसरीवर झाली, एलिसेओ सरावाला गेला असताना. दुपारची वेळ, टेबलावर लिंबाचे सरबत आणि 'पाय' नावाचा, साखर-सायीचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. हार्व खुर्चीवर उभा राहून ओरडला, "चला, तळागाळातल्यांना मान! लोवेल प्रुइट, बोल!"

त्याआधीच नेटीने लोवेलचा दंड धरला होता. "एक मिनिट. लोवेल, तुझी पाळी मला दे. एलिसेओ मला हवाय. माझ्या घरचा पोर दुसऱ्याच्या संघात गेला तर मला झोप लागायची नाही. बदल्यात माझा सगळ्यात भारी फलंदाज घे. मागच्या वर्षी ज्याच्या जिवावर मी जिंकले, तो."

आजूबाजूचे हरखले. "घे घे, लोवेल! देव पावला तुला!"

लोवेलने उगाच हनुवटी खाजवली. नको-नको केले. मला ठाऊक होते, त्याला नेमके हेच हवे होते.

तेव्हा नेटीने आवाज खाली केला. "पण खरं सांग. तू रोज बघतोस त्याला. हल्ली जेवताना तो डाव्या हाताने घास घेतो. हात बरा आहे ना पोराचा?"

लोवेलचा अंगठा माझ्या नजर जुळवायच्या चाकावर होता. ते चाक त्याने विनाकारण फिरवले.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

अदलाबदल पक्की झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोवेलने गोडाला हात लावला नाही. ताटली तशीच ठेवून तो घरी गेला.

त्यानंतरच्या शनिवारी एलिसेओ खेळायला उतरला. मैदान भरले होते. पहिले काही फलंदाज त्याने सहज परतवले. मग एक चेंडू टाकताना त्याच्या हातातून असा आवाज आला, की तो वरच्या बाकापर्यंत ऐकू गेला. चेंडू कुठल्या कुठे गेला. एलिसेओ गुडघ्यांवर बसला आणि उजवा हात पोटाशी घेऊन डोलू लागला. मी त्याचा चेहरा लोवेलच्या डोळ्यांसमोर आणला आणि लोवेलने मला झटक्यात खाली सोडले. माझी काच बाकाच्या लोखंडावर आपटली. मला त्याचे काही वाटले नाही.

नेटी साठी उलटलेली बाई. पण तिने कठडा ओलांडला आणि चपला हातात घेऊन मैदानात धावली.

इस्पितळातून ती एलिसेओला घेऊन परतली तेव्हा दिवस उजाडला होता. कोपरातला हाडे जोडून धरणारा बंध तुटला होता. आधीच फाटत आलेला बंध होता तो. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे आधी थांबला असता तर विश्रांतीने भरून आला असता. हे सांगताना नेटी ओसरीच्या पायरीवर बसली होती.

"माझी चूक, लोवेल," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर जेवत होता. डावा हात मला दिसत होता. तरी मला कळू नये?"

लोवेल तिच्यासमोर उभा होता. घरी जाऊन दार लावून घेणे सोपे होते. तो वळलाही होता. मग परत फिरला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं. निवडीच्या आधी."

नेटीने मान वर केली.

"आणि तू मला 'ठणठणीत' म्हणालास."

"मला वाटलं, तू संघासाठी विचारतेयस. त्या फलंदाजाच्या बदल्यात... मला वाटलं, खेळातला डाव आहे. नेटी, तो फलंदाज तुला परत..."

"फलंदाज घाल चुलीत!" नेटी ओरडली, आणि मग तिचा आवाज फुटला. "अरे, दर रविवारी त्याच्या आईला मीच सांगते, पोरगा बरा आहे म्हणून. तिला काय सांगायचं म्हणून विचारलं मी तुला. आणि तू सांगितलंस तेच तिला सांगितलं मी."

लोवेलच्या छातीवर मी निश्चल लटकत होते. असे त्याचे हृदय धडधडलेले मी डोरीनच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच ऐकले.

"मला क्षमा..."

"माझी नको मागूस. आत झोपलाय तो. उठला की त्याला सांग."

एलिसेओ उठला. हात गळ्यात बांधलेला होता. लोवेलने काहीही न वगळता त्याला सगळे सांगितले. कुंपण, कोंबडा, फलंदाज, आणि तो एक शब्द. एलिसेओ भुवया आकसून ऐकत होता. मनातल्या संघांचा हा खेळ त्याला कोणी कधी सांगितलाच नव्हता.

"पण सांगू नका असं मीच म्हटलं होतं ना, मिस्टर लोवेल."

"तू वीस वर्षांचा आहेस. मी सत्तरीला आलो. तुझं ऐकायचं की डॉक्टरला गाठायचं, हे मला कळायला हवं होतं."

एलिसेओने गळ्यातला हात सावरला. मग त्याने विचारले, "त्या निवडीत माझा कितवा नंबर लागला?"

"पहिला."

"सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

पोराच्या चेहऱ्यावर हसू पसरले. दुखत असूनही, सुजलेल्या डोळ्यांनीही. "आईला सांगतो," तो म्हणाला.

लोवेल तिथे बसू शकला नाही. तो मागच्या अंगणात गेला आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला. पोरगा रागावला असता, त्याने शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते, असे वाटण्यासारखे ते हसू होते. त्याच दिवशी त्याने हार्वला निरोप धाडला: आपला संघ मोडा, आपल्याला कोणी विचारू नका.

एलिसेओच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. हात पुन्हा चालता करणाऱ्या शहरातल्या व्यायामशाळेत त्याला न्यायचे-आणायचे काम लोवेलने आपल्याकडे घेतले. पानगळ गेली, बर्फ पडले, वितळले. गाडीत दोघे फारसे बोलत नसत. हात बरा झाला, पण तो वेग परत आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्याअखेर संघाने त्याला मोकळे केले आणि तो आपल्या गावी परतला. आता तो चुलत्याच्या होडीवर असतो आणि संध्याकाळी वाळूवर पोरांना चेंडू टाकायला शिकवतो.

मला त्यानंतर कोणी डोळ्यांना लावले नाही. मी नेटीच्या स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खुंटीवर लटकते. लोवेलने रविवारच्या जेवणाला येऊन मला तिथे अडकवले, आणि परत न्यायचे विसरला. की मुद्दामच ठेवले, ते मला सांगता येणार नाही. बुरशी धरली ती तेव्हापासून. बहीणभाऊ वर्षभर एकमेकांशी तुटक बोलत. आता बरे बोलतात. पण नेटी काहीही विचारते तेव्हा लोवेल उत्तर द्यायच्या आधी थोडा थांबतो. ती त्या थांबण्याकडे पाहते आणि वाट बघते.

रविवारी फोनच्या पडद्यावर एलिसेओ येतो. मागे समुद्र असतो. लोवेल म्हणतो, "हात वर कर बघू." एलिसेओ हसत हात वर करतो. कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, आता होणारही नाही. लोवेलला नजर फिरवावीशी वाटते, हे खुंटीवरूनही दिसते. तरी हात खाली जाईपर्यंत तो पाहत राहतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना कोरडे ठेवा, काचा मऊ कापडाने पुसा, एवढे मागायचा मला हक्क आहे. पण माझे मागणे दुसरेच आहे. दूरच्या माणसाला मी तुमच्या डोळ्यांपाशी आणू शकते, त्याचे दुखणे दाखवू शकते, त्यापुढे माझी धाव नाही. मला तोंड नाही, पाय नाहीत. तुम्हाला आहेत. कोणाला एकट्याने कण्हताना पाहिलेत, तर मला खाली ठेवा आणि उठून त्याच्याकडे जा.