नाद विरेपर्यंत

मित्सुरु नागाओने मान वळवली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. तिच्या पलीकडचीही. सगळ्यांच्या गाद्या थोपटून जागेवर ठेवलेल्या होत्या आणि ध्यानगृहात तो एकटाच भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणजे बैठक संपल्याची घंटा होऊन गेली होती. त्याने उठून आपली गादी थोपटून जागेवर ठेवली.

चहाच्या खोलीत तो शिरला तसे सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

“आलात परत?” टोफूवाले हिरामात्सु म्हणाले. “आम्ही म्हटलं, आज तिकडेच मुक्काम.”

“तुम्ही नका बोलू,” त्यांची बायको म्हणाली. “तुमचं घोरणं ऐकून भिंतीसुद्धा जाग्या होतात.”

मठाचे वृद्ध गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मुळ्याच्या लोणच्याची बशी नागाओपुढे सरकवली.

“असं बुडून जाणं मी फक्त माझ्या गुरूंचं पाहिलंय,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारपासून घंटा तुम्ही द्या.”

हा या मठातला मोठा मान होता. हिरामात्सु कित्येक वर्षे त्याची वाट पाहत होते, तरी सगळ्यात आधी वाकून अभिनंदन त्यांनीच केले. नको म्हणायचे तर कारण द्यावे लागले असते. नागाओनेही वाकून होकार दिला.

कारण त्याने अजून कुणालाच सांगितले नव्हते. कानाच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत तो एकदा गेला होता. समोरच्या दुकानातून मासे घेऊन घरी परतला होता.

तो शाकुहाची वाजवायचा. बांबूच्या त्या उभ्या बासरीसाठी नव्या रचनाही करायचा. मागच्या वर्षी त्याला काहीच सुचेनासे झाले, तेव्हा त्याची साथीदार फुसाए हिनेच त्याला या मठात ढकलले. तिची कोतो ही आडवी वीणा आणि त्याची बासरी तरुणपणापासून एकत्र वाजत आली होती. तो रोज सकाळी ध्यानाला बसू लागला. घरी आल्यावर एखादी ओळ सुचू लागली. हिवाळा सरला तेव्हा दोघांसाठीची रचना पुरी झाली होती आणि शरदातल्या कार्यक्रमाची तारीखही ठरली होती.

“बैठकीनं तुझी घाई गेली बघ,” सरावाच्या वेळी फुसाए म्हणाली होती. “आता माझी तार पुरती विरू देतोस, मग फुंकतोस. पूर्वी कुठे एवढा धीर होता तुला?”

तिची वरच्या सुरांची तार त्याला ऐकू येत नव्हती. ती संपली की नाही हे कळत नाही, म्हणून तो थांबायचा. नव्या रचनेतल्या सगळ्यांना आवडलेल्या त्या शांत जागांमध्ये ध्यान किती आणि बहिरेपण किती, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हते. कान जातील याची भीती होतीच. पण या दुसऱ्या भीतीने त्याची झोप उडवली होती.

रविवारी फुसाएही आली. “तुझी घंटा ऐकायला आलेय,” ती दारातच म्हणाली.

सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. बैठक सुरू करताना घंटा तीनदा द्यायची असते, आणि पहिलीचा नाद पुरता विरल्याशिवाय दुसरी द्यायची नसते. नागाओने मुठीत धरायची छोटी घंटा उचलली आणि टोला दिला. मनगटाला हलका धक्का बसला. टोल्याच्या काठीचा टक असा आवाज आला. पुढे काहीच नाही.

घरी त्याने श्वास मोजून अंदाज बांधला होता. पण आता श्वासच धावत होता. त्याने समोरच्या पाठींकडे पाहिले. पाठी काही सांगत नव्हत्या. आताच टोला दिला आणि पहिला नाद अजून घुमत असला, तर सगळ्यांना कळणार होते. तो थांबला. हिरामात्सुंची मान किंचित हलली. नाद संपला म्हणून, की मान अवघडली म्हणून? तो आणखी थांबला. शेवटी, आता होईल ते होवो म्हणून, त्याने दुसरा टोला दिला. तिसऱ्याच्या आधीही तेच.

बैठक संपल्यावर चहा आला. हिरामात्सुंचे डोळे ओले होते.

“घंटा कुठे संपते, हे आज मला पहिल्यांदा कळलं,” ते म्हणाले.

“मला ती ऐकू येत नाही,” नागाओ म्हणाला.

गुरुजी समाधानाने हसले आणि हिरामात्सुंनी मांडीवर थाप मारली.

“बघा, बघा! कौतुक केलं की हा माणूस असा लपायला बघतो.”

“खरंच सांगतोय. वरचे सूर ऐकू येत नाहीत मला.”

“आमच्या ह्यांना खालचेही येत नाहीत,” हिरामात्सुंची बायको म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

फुसाए हसली नाही. तिने पेला खाली ठेवला, गुडघ्यांवरच सरकत येऊन ती त्याच्या समोर बसली.

“केव्हापासून?”

“थंडीपासून.”

“म्हणजे आपल्या रचनेतल्या त्या जागा...”

“काही खऱ्या असतील. कुठल्या, ते मला माहीत नाही.”

तिने आपल्या बोटांकडे पाहिले. मग तिने चेहरा उचलला आणि एकेक शब्द त्याला दिसेल असा उच्चारला.

“उद्यापासून माझ्या शेजारी बसू नकोस. समोर बस. माझा हात दिसला पाहिजे.”

“कार्यक्रमात असं कुणी बसत नाही. लोकांना कळेल.”

“कळेल.”

“आणि त्या जागा?”

“एकेक वाजवून बघू. जी खोटी वाटेल ती मी सांगेन.”

तिला सगळ्याच खोट्या वाटल्या तर, हे विचारायला त्याने तोंड उघडले. पण हिरामात्सु किटली घेऊन वाकले होते. त्याने पेला पुढे केला.