जवळ्याच्या वासाचं झाकण

"काकू, जवळा वाळला की हे झाकण मला द्याल का?"

मितालीला ते हवेच होते, पण ती मागायला धजणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने लगेच हा प्रश्न विचारला. हेतल आणि ऋचा जिन्यात नाक दाबून खिदळत होत्या.

"ने गो बाय," शेजारच्या शशिकलाकाकू म्हणाल्या, "पन वास जायाचा नाय हां!"

मित्रांनो, ते झाकण म्हणजे मी. मी एक जुने झाकण आहे, सिंथेसायझरच्या पेटीचे. अंगावर काळे रेक्झिन, आत लाल मखमल. आणि त्या मखमलीवर सूपभर जवळा! शी!

माझे हाल खरे तर आधीपासूनच सुरू होते. इमारतीतल्याच विनायककाकांच्या ऑर्केस्ट्रात मी पंधरा वर्षे होतो. कोन गावातली लग्नाची हळद असो नाहीतर शिरढोणचा गणपती, वाद्य ऐटीत तळात बसायचे आणि मला उचलून स्टेजमागे टाकायचे. तिथे लोकांनी माझ्यात काय काय टाकावे? वड्याचे तेलकट कागद, विड्यांची थोटके, आणि एका ढोलकीवाल्याने तर तंबाखूची पिचकारी! लोक म्हणायचे, "वा, काय पेटी आहे!" पेटी म्हणजे तळ. झाकणाला कोण विचारतो? पुढे वाद्य विकले गेले. घेणाऱ्याने मला हुंगले, तोंड वाकडे केले आणि नुसता तळ घेऊन गेला. मी गेलो शशिकलाकाकूंच्या गच्चीवर, जवळ्याखाली.

मितालीला मी कशाला हवा होतो? तर ही नववीतली मुलगी विनायककाकांच्या वहीतून सर्किटच्या आकृत्या उतरवून सुरांच्या पाट्या बनवायची. एक पाटी शिट्टी घालायची, दुसरी वाऱ्यासारखी फुसफुसायची, तिसरी ठेका धरायची. वायरींनी जोडल्या की सगळ्यांचे मिळून एकच वाद्य. पण मेल्या बॅटऱ्या गाणे रंगात यायच्या आत मान टाकायच्या! शाळेच्या संमेलनात वाजवायचे तर पाट्या एका जागी बसवणारी आणि पोटातूनच वीज देणारी पेटी हवी होती. तीच तिला माझ्यातून घडवायची होती.

घरात पाऊल टाकले आणि तिची आई, शोभाताई, किंचाळल्याच. "मिताली! देवघराला लागून मासळी?"

"मासळी नाही गं आई, झाकण आहे."

"मग झाकणाला आंघोळ घाल! आधी ते बाहेर काढ!"

बाबा, म्हणजे प्रभाकरराव, पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "रविवारपर्यंत मुदत. चालले तर राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला."

मितालीने माझी मखमल सोलली. खाली झुरळांची अंडी! मला स्वतःचीच इतकी किळस कधी आली नव्हती. तिने मात्र मला सोड्याने चार वेळा घासले. मी उथळ, म्हणून ट्रान्सफॉर्मर आडवा बसवला. आत एक ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली आणि वीज आवरणारे रेग्युलेटरचे दोन तुकडे, एक अधिक बाजूचा आणि एक उणे बाजूचा, तिच्यावर शेजारी शेजारी आवळले. बाहेरच्या विजेची जोडणी विनायककाकांनी येऊन तपासली.

रविवारी बटण दाबले. मी घुं घुं केले, तापलो आणि धूर सोडला. जळके वार्निश आणि भाजलेला जवळा, दोन्हींचा वास मजलाभर!

पलीकडून शशिकलाकाकूंचा आवाज आला, "अगो शोभा, आज तुमच्याकडं पन जवला? लय बेस!"

शोभाताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "उद्या सकाळी भंगार. विषय संपला."

बाजूला उभे असलेले विनायककाका हळू आवाजात म्हणाले, "राहू दे गं पोरी. हे मुलींचे काम नाही. माझ्याकडे दे, मी एखाद्या मुलाकडून करून घेतो."

मित्रांनो, तंबाखूची पिचकारी सहन केली होती मी, पण हे वाक्य त्याहून घाण होते.

मिताली वही उघडून बसली आणि दुपारभर एकेक वायर बोटाने तपासत राहिली. मग एकदम ओरडली, "अय्या! गाढव आहे मी!" दोन्ही तुकडे दिसायला जुळे, पण अधिकवाल्याची धातूची पाठ निरुपद्रवी आणि उणेवाल्याच्या पाठीत वीज. एकाच पट्टीवर आवळले, म्हणून दोन्हींची वीज एकमेकांत मिसळली. त्या पाठीखाली विजेला अडवणारा आणि उष्णता न अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा हवा होता. रविवारी दुकाने बंद. ती कपाटामागे काहीतरी खुडबुड करून आली. हातात अभ्रक होते! तुकड्याखाली ते सरकवले, स्क्रूला प्लॅस्टिकची नळी चढवली, जळलेले डायोड काढून तिच्या डब्यातले नवे लावले आणि बटण दाबले.

धूर नाही. लाल दिवा लागला. पाट्यांनी शिट्टी घातली, वारा सोडला, ठेका धरला. जन्मभर दुसऱ्याच्या आवाजावर पडून राहिलेलो मी, आणि आता माझ्याच पोटातून आवाज निघत होता!

मित्रांनो, तुमच्या घरीही असेल एखादे झाकण. त्यात थुंकू नका, थोटके विझवू नका. आधी पुसा आणि मग त्याचे काय करता येईल ते बघा.

आवाज ऐकून आई-बाबा दारात येऊन उभे राहिले. मिताली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, बाबा, माझे ठरले आहे. झाकण इथेच राहणार. संमेलनात ते मीच वाजवणार, कुठलाही मुलगा नाही. आणि बाबा, अभ्रक मी आपल्या इस्त्रीतून काढलंय. उद्या तुम्ही चुरगळलेला शर्ट घालून ऑफिसला जायचं."