मिशीवाल्यांची प्रोफाइल

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची प्रोफाइल बोलतेय. तसं माझ्यावर कुठेही लिहिलेलं नाही म्हणा. माझ्यावर लिहिलंय, ‘व्हर्टिकल मोबिलिटी क्षेत्रातील धोरणात्मक नेतृत्व’. हे वाचून तुम्हाला काही कळलं असेल तर तुम्ही धन्य आहात. ज्याच्यासाठी मला लिहिलं, त्याला कळलं नव्हतं.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. हा माणूस ज्या कंपनीत होता ती दुसऱ्या कंपनीने गिळली आणि जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्ट सांभाळणाऱ्या विभागाला टाळं लागलं. उभं आयुष्य त्या लिफ्टमध्ये घालवलेला माणूस घरी बसला. करायला काही नाही म्हणून चांगले चालणारे नळ खोलून पुन्हा बसवायला लागला. बायको वैतागली. शेवटी लेक म्हणाली, “बाबा, आता काम असं घरी बसून मिळत नाही. ऑनलाइन दिसावं लागतं.”

मला लिहायला बसला जावई. माणूस वाईट नव्हता, सासऱ्याची त्याला खरीच काळजी होती. पण ‘प्रभावी प्रोफाइल कशी लिहावी’ याचा शनिवार-रविवारचा वर्ग त्याने नुकताच केला होता, आणि नवं शिकलेला माणूस आधी घरच्यांवरच हात साफ करून घेतो.

“बाबा, तुम्ही नक्की काय करायचात?”

“बंद पडलेली लिफ्ट चालू करायचो.”

“असं नाही लिहायचं. दुरुस्ती म्हटलं की लोक हलकं समजतात. तुमच्या हाताखाली कोण होतं?”

“एक मदतनीस होता. मनात आलं तर यायचा.”

“म्हणजे टीम सांभाळलीत!” जावई खूश झाला.

‘जुनी’ गेली, ‘दुरुस्ती’ गेली, ‘मेकॅनिक’ तर पहिल्याच झटक्यात गेला. मग फोटो. कोट जावयाचा होता, खांद्यात सैल. “आणि बाबा, मिशीने वय दिसतं हो.” ती मिशी अशी भरघोस होती की कामावर त्यांना सगळे ‘मिशीवाले’च म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकापुरतं. ते न्हाणीघरात गेले आणि कोऱ्या चेहऱ्याने बाहेर आले. बायकोने एकदा पाहिलं, गॅलरीत गेली आणि वाळत घातलेले कपडे ओलेच काढून आणले.

मग मी आमच्या वस्तीत, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांच्या वेबसाइटवर, राहायला आले. काय सांगू तिथली तऱ्हा! इथे कुणी बेकार नसतो, सगळे नव्या संधीच्या शोधात असतात. कुणाला नोकरीवरून काढलेलं नसतं, प्रत्येकाने नवा प्रवास सुरू केलेला असतो. कुणी कुणाचं वाचत नाही, पण अभिनंदन सगळे करतात. माझे मालक साधे. आपलं कुणी अभिनंदन केलं तर उत्तर न देणं बरं दिसत नाही, म्हणून रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने, प्रत्येकाला लिहायचे, ‘आभारी आहे. काही काम असल्यास कळवावे.’ कुणी म्हणजे कुणी कळवलं नाही.

एकदा ते बल्बचा होल्डर आणायला विजेच्या सामानाच्या दुकानात गेले होते. त्यांचा आवाज ऐकून शेजारी उभे असलेले एक गृहस्थ वळले. एका इस्पितळाचे इंजिनिअर. तिथली लिफ्ट मालकांनी वर्षानुवर्षं सांभाळली होती.

“मिशीवाले? अहो, मिशी कुठे गेली? मी तर ओळखलंच नाही! किती शोधलं तुम्हाला. आमच्या लिफ्टसाठी कायमचा माणूस हवा होता.”

“हवा होता?”

“तुमच्या कंपनीतल्या सगळ्यांच्या प्रोफाइली चाळल्या. जुन्या लिफ्टचा माणूस एकही दिसेना. शेवटी बाहेरगावचा एक ठेवला, गेल्याच महिन्यात कायम केला.”

मालकांनी माझ्यावरचं आपलं खरं नाव सांगितलं. इंजिनिअरनी तिथेच फोन काढून मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

“ही तुमची? अहो, ही मी पाहिली होती! म्हटलं, हे कुणी मोठे साहेब दिसतात. यांना कुठे ग्रीसमध्ये हात घालायला बोलवायचं?”

मला त्या दुकानात जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “छान लिहिलीय ना? आमच्या जावयाने लिहिली.”

घरी ते एक अक्षर बोलले नाहीत. जावयाला वाईट वाटेल म्हणून. त्या भल्या माणसाच्या भलेपणाचाच मला राग येतो. आता ते एका इमारतीच्या दारात रखवालदार आहेत. मला पुन्हा त्यांनी उघडलं नाही.

तुम्ही स्वतःची प्रोफाइल लिहायला बसाल, तेव्हा एवढी कृपा करा. तुमच्या हाताला काय येतं ते पहिल्या ओळीत लिहा, तुमच्या शेजाऱ्यालाही समजेल असं. तुम्हाला शोधणाऱ्याला तुम्ही सापडू द्या.

परवा फोन वाजला म्हणून बायकोने पाहिला. “अहो, अजून कोणकोण अभिनंदन करतंय तुमचं. काढून टाकू का हे?”

त्यांनी फोन घेतला. कोटातल्या त्या गुळगुळीत माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “बरा दिसतोय. याला तरी लागेल कुठे नोकरी.”