कोरा निघालेला रोल

मित्रांनो, माझी पाठ उघडू नका! आत फिल्म आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. मला हातात घेणाऱ्या बहुतेकांची बोटे पहिल्यांदा त्या मागच्या खिट्टीकडेच जातात, आणि उजेड आत शिरला की फिल्म गेलीच म्हणून समजा.

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या छातीत एक तिरका आरसा आहे. वरच्या झरोक्याला डोळा लावलात की भिंगातून आलेले जग तुम्हाला त्या आरशातून दिसते. खटका दाबलात की आरसा टपकन वर उडतो, मागचा पडदा सरकतो, फिल्मवर उजेड पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. खटॅक्! एवढेच माझे बोलणे. माझे सगळे अंग स्प्रिंगांचे आहे, त्यामुळे स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही.

माझे पहिले मालक स्टुडिओवाले होते. त्यांच्या गळ्यात मी उन्हातान्हात हिंडलो. लग्ने पाहिली, शाळांची संमेलने पाहिली, पहिल्यांदा उभी राहिलेली आणि लगेच धपकन बसलेली बाळे पाहिली. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर ते आधी मला पोटाशी धरत आणि मग स्वतःचा तोल सावरत. “हा आहे म्हणून आपलं घर चालतं,” असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा माझी स्प्रिंग न् स्प्रिंग ताठ होई.

मग फिल्म न लागणारे कॅमेरे आले. मालकांनी मला पुसले, कातडी पिशवीत घातले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. माझ्या बुडातला सेल काढायचा मात्र राहिला. तो सेल आतल्या आत पाझरू लागला. आरशाखालचा स्पंज चिकट झाला. अंधारात मी नुसता वाट पाहत होतो. कपाटाचे दार करकरले की वाटायचे, आता हात वर येईल. हात यायचा आणि पांघरूण काढून निघून जायचा. मित्रांनो, पडून झिजण्यापेक्षा पळून झिजलेले कितीतरी बरे!

शेवटी मालकांच्या मुलाने घर आवरताना मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेऊन विकले. काकांचे दुकान जिन्याखाली होते. ते इतके अरुंद होते की गिऱ्हाईक आत आले की काकांना पोट आत घ्यावे लागे. त्यांनी माझा हिरवा पडलेला सेलचा कप्पा खरवडला, स्पंज बदलला, भिंगावरची बुरशी पुसली आणि मला काचेच्या कपाटात मांडले. तिथे माझ्यासारखे आणखी बरेच होते. लोक येत, भाजी निवडावी तसे आम्हाला उलटेपालटे करत, कानाशी धरून खटॅक् करून बघत. “अरे वा, हे अजून चालतं?” असे म्हणत आणि परत ठेवून जात. दर वेळी माझा आरसा आशेने वर उडायचा आणि खाली येऊन गप्प बसायचा.

एके दिवशी भिंगरी आली. हे तिचे टोपणनाव. ती कुरिअरची व्हॅन चालवायची आणि एका जागी टिकायची नाही, म्हणून घरच्यांनी पाडलेले. दुकानातसुद्धा ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तिने मात्र मला नीट पाहिले. भिंग उजेडाकडे धरून आरपार बघितले. सेलचा कप्पा उघडला. पाठ उघडून पडद्याला सुरकुती आहे का ते तपासले. मग शटर, म्हणजे तोच पडदा, वेगवेगळ्या वेगांवर ठेवून कान देऊन ऐकले.

“काका, हळू ठेवला की हा रेंगाळतो.”

“वय झालंय त्याचं,” काका म्हणाले. “मीसुद्धा जिना चढताना रेंगाळतो. भरपूर उजेडात मात्र त्याला तोड नाही.”

ती हसली आणि मी तिचा झालो. व्हॅनमध्ये तिच्या शेजारच्या सीटवर मी बसलो, तेव्हा काचेतून इतके जग एकदम अंगावर आले की माझ्या भिंगाला कुठे पाहू नि कुठे नको असे झाले.

भिंगरीने मला घेतले त्याला कारण होते. तिची आई आणि मावशी मिळून एक लाँड्री चालवत. मोठे पत्र्याचे शेड, कपडे धुण्याचा अजस्र ड्रम, वाफेच्या इस्त्रीची टेबले, आणि छताखालून जाणारा लोखंडी बार, ज्यावर गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले असत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे डोंगरासारख्या येत आणि विटांसारख्या चौकोनी होऊन जात. तिथला तिसरा माणूस म्हणजे कोटमामा. कोटाला इस्त्री करायची तर त्यांनीच, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, म्हणून ते कोटमामा. आता शेड पडणार होते. जागेच्या मालकाला तिथे इमारत बांधायची होती. यंत्रांचा सौदा ठरला होता आणि आठवड्याभरात लाँड्री बंद होणार होती.

“आई, शेवटच्या दिवशी मी फोटो काढणार,” भिंगरी म्हणाली.

“काही नको. घामट तोंडांचे फोटो कशाला? आणि तुझ्या त्या फोनवर काढलेस की संध्याकाळच्या आत सगळ्या नातेवाइकांना दिसतात.”

“फोन नाही गं. हा बघ, फिल्मचा आहे. धुऊन आणल्याशिवाय मलासुद्धा दिसणार नाहीत.”

आईने मला खालीवर पाहिले. आपल्यासारखेच जुने, कामाचे काहीतरी आहे असे तिला वाटले असावे. “बरं. पण मी तुझ्याकडे बघणार नाही. मला कामं आहेत.”

तो दिवस आला. भिंगरीने शेडसमोर व्हॅन उभी केली आणि सीटवरच रोल भरायला घेतला. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दारातून मावशी ओरडत होती, “अगं ये ना, वाफ सोडलीय!” भिंगरीने फिल्मचे टोक घाईने माझ्या उजवीकडच्या फटीत खोचले, पाठ बंद केली आणि फिल्म पुढे सरकवणारा लिव्हर ओढला.

टोक निसटले.

मित्रांनो, मला ते कळले. फिल्म माझ्या आत जागच्या जागी पडून होती. माझ्या डाव्या खांद्यावर एक चकती आहे. फिल्म पुढे सरकली की ती चकती फिरते. ती फिरत नव्हती. भिंगरीने तिच्याकडे एकदा जरी पाहिले असते! पण ती उडी मारून उतरली होती आणि पळत होती.

मला ना हॉर्न, ना दिवा. मी काय करणार? आईने ओल्या चादरींचा पिळा खांद्यावर ओढून घेतला. खटॅक्! कोटमामांनी शेवटच्या कोटाच्या खांद्यात हात घालून त्यावर इस्त्री फिरवली. खटॅक्! वाफेच्या ढगातून मावशीचा नुसता चष्मा दिसला. खटॅक्! असे फोटो मी जन्मात पाहिले नव्हते, आणि ते सगळे फिल्मच्या एकाच, आधीच उजेड लागलेल्या तुकड्यावर एकावर एक पडून वाया जात होते. मी चकतीकडे जीव लावून बसलो होतो. फिर ना! जरा तरी फिर!

दुपारी ड्रम शेवटचा थांबला. इतकी वर्षे त्या घरघरीवर मोठ्याने बोलायची सवय झालेली आई ओरडूनच म्हणाली, “संपलं!” शांततेत तिचा आवाज एवढा मोठा आला की ती स्वतःच दचकली आणि खळखळून हसली. थेट माझ्याकडे बघून. कपाळावर केस चिकटलेले, डोळ्यांत पाणी. खटॅक्!

रोल छत्तीस फोटोंचा होता. लिव्हर त्यापुढेही सरकतच राहिला. “बघ मावशी, जुने कॅमेरे किती उदार असतात, जास्तीचे फोटो देतात!” भिंगरी आनंदाने म्हणाली. मला ते ऐकवेना.

फिल्म धुणाऱ्या लॅबमधल्या बाईंनी पट्टी खिडकीसमोर धरली. टोकाशी एक काळा तुकडा, बाकी सगळी पाण्यासारखी कोरी. “फिल्म पुढे सरकलीच नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

भिंगरी मला घेऊन तडक काकांच्या दुकानात गेली आणि तिने मला काउंटरवर आदळलेच. काकांनी माझी पाठ उघडली, जुन्या फिल्मचा तुकडा खोचला, लिव्हर ओढून दाखवला. चकती झोकात फिरली.

“माझ्या मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा रोल असाच गेला,” ते म्हणाले. “मुलगी आता नोकरीला लागली, तरी बायको अजून ऐकवते. कॅमेरा परत घ्यायचा तर घेतो मी. पण आधी घरी जाऊन सांगून ये.”

ती मला घेऊन निघाली, पण घरी सांगणे तिला जमेना. घरी आईला चैन नव्हते. हात मोकळे पडले होते. ती वर्तमानपत्राची घडी घाली, मोडी, पुन्हा घाली. जेवायच्या आधी नॅपकिनची घडी, जेवल्यावर नॅपकिनची घडी. आणि जिला फोटोच नको होते ती रोज विचारू लागली, “आले का गं?” भिंगरी म्हणे, “येतील.” मी खुंटीवर लटकून दोघींकडे पाहत होतो आणि माझी एकही स्प्रिंग सैल पडत नव्हती.

एका सकाळी आई मटार सोलत होती. भिंगरी समोर जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली.

“आई, एकही फोटो आला नाही. मी फिल्म नीट भरली नव्हती.”

आईचे हात थांबले. “एकही नाही?”

“एकही नाही.”

“मी हसले होते, तोही?”

“तोही.”

आईने हातातली शेंग न सोलताच परत टाकली. भिंगरीचे डोळे भरून आले. मग आईने पदराला हात पुसले आणि ती उठली. “शेडची किल्ली अजून आपल्याकडेच आहे. मावशीला आणि कोटमामांना फोन लाव.”

“पण यंत्रं गेली ना सगळी. रिकामं शेड आहे नुसतं.”

“आपण आहोत ना,” आई म्हणाली.

शेडमध्ये सगळ्यांच्या पावलांचा आवाज घुमत होता. ड्रमच्या जागी जमिनीवर गंजाचे मोठे वर्तुळ होते. टेबलांच्या जागी फरशी पांढरी फटक राहिली होती. वर नुसता बार. कोटमामा आले ते चक्क कोट घालून. “आयुष्यभर दुसऱ्यांचे केले, म्हटलं आज आपलाही दाखवावा,” ते लाजत म्हणाले. मावशी कुरकुरत होती, “मेलं इथे काय काढणार, भिंती?”

या वेळी भिंगरी उंबऱ्यावर शांत बसली. तिने फिल्मचे टोक फटीत घट्ट बसवले, माझे दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकलेले पाहिले, मग पाठ लावली. लिव्हर ओढताना आई वाकून माझ्या चकतीकडे बघत होती.

“फिरली! फिरली गं!”

मित्रांनो, मलाही ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

उजेड कमी होता. शटर हळू ठेवावे लागणार होते, आणि हळू चालणे हेच माझे दुखणे. भिंगरीने खांबाला पाठ टेकवली आणि श्वास रोखला. माझी जुनी स्प्रिंग नेमकी आता रेंगाळली तर? तिच्या बोटाबरोबर मी माझा सगळा धीर गोळा केला.

“मी कुठे उभी राहू?” मावशीने विचारले.

“कुठे म्हणजे? जिथे रोज असायचीस तिथे,” आई म्हणाली, आणि स्वतः गंजाच्या वर्तुळापाशी गेली. मग एक पाऊल मागे सरकली. “इतकं जवळ नाही. ड्रमचं दार उघडायला जागा लागते.” तिने नसलेले दार उघडले, नसलेल्या चादरींचा पिळा ओढला, आणि खरेच तिचा खांदा ओझ्याने खाली गेला. खटॅक्! कोटमामांनी हवेत हात ठेवून, न दिसणाऱ्या बाहीची शिवण बोटाने सारखी केली. खटॅक्! दर फोटोनंतर आई तिथूनच विचारी, “फिरली का?” आणि भिंगरी सांगे, “फिरली.”

शेवटी दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींनी हात पसरले, चिमटीत कोपरे धरले, झटका दिला. दोघी चालत एकमेकींजवळ आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला, पुन्हा मागे सरल्या. इतक्या वर्षांची सवय. एकीचे पाऊल दुसरीच्या पावलाला विचारत नव्हते. भिंगरीने खटका दाबला. पडदा सरकला, आणि वेळेवर मिटला. मी रेंगाळलो नाही.

फोटो आले. आईने तो दोघींचा फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. दोन बायका, पसरलेले हात, मध्ये काहीच नाही. मावशी तिच्या खांद्यावरून डोकावली.

“दिसते की नाही चादर?” आईने विचारले.

मावशीने चष्मा नीट केला. “दिसते तर! आणि तुझी बाजू सैल आहे. कायम सैलच धरायचीस.”

यावर दोघी इतक्या भांडल्या, इतक्या हसल्या की शेवटी कोटमामांनाच फोटो उचलून बाजूला ठेवावा लागला. भिंगरीने मला काकांकडे परत नेण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कपाटात पडला असेल तर त्याला बाहेर काढा. त्याचा सेल काढून ठेवा, त्याला वारा दाखवा, अधूनमधून त्याचा खटका दाबा. तो बिघडेल म्हणून भिऊ नका. तो बिघडतो तो पडून राहिल्याने. रोल एखादा कोरा निघेल. निघू द्या, पुन्हा भरा. आणि ज्या माणसांचा फोटो घरात कुणाकडेच नाही, कारण ती कायम कामात होती, त्यांच्यापाशी त्याला घेऊन जा. ती नको म्हणतील. तरी तिथून हलू नका.