वरचा पाव

वरचा पाव ट्रेच्या कोपऱ्यात उताणा पडला होता. त्याच्या पांढऱ्या पोटावरचा सॉस नवऱ्यानं लाकडी चमच्यानं इतका निगुतीनं खरवडला होता की पावाचं सालटंच निघालं होतं... आता जो पाव खायचाच नाही, त्याच्यावरचा सॉस कशाला खरवडायचा? पण नाही. तो खरवडणार, चमचा टिशूला पुसणार, टिशूची घडी घालणार आणि मग राहिलेला अर्धामुर्धा बर्गर काट्यानं तोडून खाणार, परीक्षेला बसल्यासारखा, मान खाली घालून.

तिनं स्वतःच्या बर्गरचा मोठा घास घेतला. मुद्दामच मोठा.

मघाशी काउंटरवरही हेच. मागे रांग लागलेली, आणि हा मान वर करून फळ्यावरच्या पदार्थांखालचे कॅलरींचे बारीक आकडे वाचतोय. "चीज नको. सॉस द्या, पण वेगळा. फ्राइज नकोत. कोल्ड्रिंकऐवजी पाणी." काउंटरवरच्या मुलीनं सरळ चेहऱ्यानं विचारलं होतं, "सर, बर्गर तरी हवाय ना?" मागचे दोघं हसले. ती तर सगळ्यांत आधी हसली. सॉस शेवटी आतच आला, आणि परत करायला जायची याची हिंमत नाही.

खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी – तिच्या माहेरचा हा खाक्या. मनाला आलं तर ताटभर खावं, नाही तर सरळ उपाशी झोपावं. पण हे असं मधलंच, कडेकडेनं जगणं... इथं यायचंच होतं कशाला? घरी काकड्या होत्या की. तर म्हणे, 'पोरीला आवडतं, जाऊ या. मी बघून खाईन.' बघूनच खातो मेला. खाण्यापेक्षा बघणंच जास्त.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर कुणाच्या तरी इमारतीच्या काळोख्या बोगद्यात, ग्रीस लागलेल्या दोरांमध्ये उभा. अमुक माणसं, तमुक किलो, त्याहून जास्त भार नको, अशी पाटी प्रत्येक लिफ्टमध्ये असते. तशीच एक यानं आता आपल्या पोटात लावून घेतलीय, असं ती परवा बहिणीला फोनवर म्हणाली होती. दोघी पोट धरून हसल्या होत्या. तो तेव्हा बाहेरच्या खोलीत पोरीच्या चपलेचा पट्टा शिवत होता. ऐकलं असेल का त्यानं?

ऐकलं असेल तर ऐकू दे. का सांगत नाही हा? 'पँट घट्ट होतात,' एवढंच सांगितलं मला. पँट! आणि त्याच्याबरोबर काम करणारे ते काका बाजारात भेटून सहज बोलून जातात, "वहिनी, परवा शिडीवर मधेच बसला की हा. घामानं निथळला होता. मीच नेलं डॉक्टरकडे. घरी बोललाय ना?" आणि आपण भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणतो, "हो, बोललाय ना." ...तेव्हापासून ती वाट बघतेय. त्यानं एकदा तोंड उघडावं. तो तोंड उघडतो ते काट्यावरच्या सॅलडच्या पानाच्या तुकड्यासाठी.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. खा तू. दात कोरून पोट भरतंय का बघ."

तो हसला. चिडत नाही, हाही एक वैताग.

तिचे वडीलही असेच. चहाचा कप पुढे आला की म्हणायचे, "अर्धाच दे गं." आई काही बोलायची नाही. आईच्या ओठाचा डावा कोपरा फक्त जरासा वर जायचा – कपड्याला चिमटा लावावा तेवढाच – आणि खाली यायचा. बस्स. तेवढ्यानं वडील कप उचलून पूर्ण पिऊन टाकायचे. पुढे पुढे ते अर्धा मागेनासेच झाले. मग काहीच मागेनासे झाले. मिळेल ते घ्यायचे, मुकाट्यानं... लहानपणी तिला वाटायचं, आपले बाबा किती साधे.

"बाबा, तू वरचा पाव का नाही खात?" पोरगी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती, गालाला सॉस माखलेला.

"पोट भरलं माझं."

"खोटं. तू घाबरतोस पावाला."

आणि पोरीनं त्या उताण्या पावाकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं, आणि तिच्या चिमुकल्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला.

घास तिच्या तोंडातच राहिला. पाच वर्षंसुद्धा पूर्ण नाहीत. कुणी शिकवलं हिला? कधी? मी तर तिच्यासमोर शब्दसुद्धा...

नवऱ्यानं काटा खाली ठेवला. पोरीचा गाल अंगठ्यानं पुसला, आणि कौतुकानं – अगदी कौतुकानंच, त्यात दुसरं काही सापडतंय का म्हणून तिनं त्याचा चेहरा पुन्हा पुन्हा नजरेनं चाचपून पाहिला – म्हणाला, "बघ ना. हुबेहूब तुझ्यासारखी दिसते, असं तोंड केलं की."

काकांनी मला सांगितलंय, हे वाक्य जिभेवर येऊन घासाच्या मागे अडकलं होतं. तिनं समोरचा टिशू घेतला – त्यानं घडी घातलेलाच – आणि ओठांचा डावा कोपरा पुसला, मग पुन्हा पुसला, जोर देऊन; तिथं काहीही लागलेलं नव्हतं.