मी वाजले आणि बस सुटली

मी सायकलची घंटी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण माझ्या आवाजानं एकदा भलतंच घडलंय. धंदा ओरडण्याचा आणि काळीज सशाचं, अशी माझी गत आहे.

कारखान्यात एका यंत्रानं पितळेचा पत्रा दाबून माझी वाटी केली. आत एक इवलीशी हातोडी बसवली. खटका दाबला की हातोडी एकदा आपटते आणि मी 'टण' करते. माझ्या बरोबरीच्या घंट्या नाजूक किणकिणायच्या. माझा आवाज मात्र घोगरा, भारदस्त. मला वाजवून बघताना तपासनीस म्हणाला, "ही तर थेट बसची घंटा!" सगळे हसले. मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

दुकानातून मी एका सायकलच्या दांडीवर आले. सायकल ज्याची होती, त्याला मी दादा म्हणते. दादा मला उठताबसता बडवायचा. एखादी मोटार अंगाला चाटून गेली की ओरडायचा, "रस्ता काय यांच्या बापाचा आहे?" मला ते अगदी पटायचं. पुढे त्याची नोकरी कायम झाली आणि त्यानं मोटारसायकल घेतली. आठवडाही झाला नसेल, मी फाटकापाशी उभी असताना तो बाहेरून आला, तो एका सायकलवाल्यावर खेकसतच. "कडेनं चालव की! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना हात, ना कपाळ.

मग सायकल त्याच्या धाकट्या बहिणीकडे आली. मी तिला ताई म्हणते. ताई दातांच्या कवळ्या बनवते आणि तयार कवळ्या मागच्या पेटीत घालून गावभरच्या दातांच्या डॉक्टरांकडे पोचवते. निघताना आईला सांगायची, "कुणाचे तरी दात घेऊन चाललेय, घाई करून कसं चालेल?" आणि खरंच ती घाई करायची नाही. वळायच्या आधी हात दाखवायची. उभ्या मोटारींपासून हातभर लांब राहायची, कारण कुठलं दार कधी फटकन उघडेल याचा नेम नसतो. मला तर ती विनाकारण कधीच वाजवायची नाही.

तरी मला भीती वाटायची. मी सगळ्यात पुढे बसते, त्यामुळे सगळं आधी मला दिसतं. ट्रकची चाकं माझ्याहून उंच. मोटारींचे आरसे ताईच्या कोपराला घासू-घासू करत जायचे. माणसं घरात एकमेकांना धक्का लागला तर किती ओशाळतात! तीच माणसं काचेच्या आत बसली की त्यांना काय होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी थांब्यावर बस उभी होती. सायकलींसाठी कडेला पांढरी रेघ आखलेली, पण थांबा नेमका त्याच रेघेवर. ताई बसच्या मागे थांबली. तिच्या मागचा मोटारवाला हॉर्नवरचा हात काढेचना. ताई बावरली आणि बसच्या उजव्या अंगानं पुढे निघाली. ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचलो, तर बसचं पुढचं चाक आमच्याकडे वळलेलं दिसलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं तो हॉर्नवाला घुसला. आम्ही मधे अडकलो. ताईनं मला दोनदा दाबलं. टण, टण. थांबा, थांबा!

बस सुटली.

बसवाल्यांच्या भाषेत एक घंटी म्हणजे थांब, आणि दोन म्हणजे चल.

बसचा पत्रा माझ्यावर आला. माझी वाटी चेपली. ताईनं दोन्ही हात बसला लावले आणि ती किंचाळली. आत कंडक्टर ओरडला आणि त्यानं घंटीची दोरी एकदा ओढली. बस जागच्या जागी थांबली. चाक आणि ताईचा पाय यांच्यामध्ये माझी वाटी जेमतेम मावली असती, एवढीच जागा उरली होती. हॉर्नवाला केव्हाच पसार झाला होता.

"डबल कशाला दिलीस?" ड्रायव्हर खाली उतरत गरजला.

"मी? दोरीला हातही लावला नव्हता! एक आजोबा उतरत होते, त्यांचा एक पाय अजून पायरीवर होता!"

"मग मी काय स्वप्नात ऐकली?"

ताई रस्त्यावर बसली होती. ती म्हणाली, "काका, मी वाजवली. मी थांबा म्हणत होते."

ड्रायव्हरकाका मटकन तिच्या शेजारी बसले. "आणि मला चल ऐकू आलं गं बाळ. कानावर विसंबलो. आरशात बघितलंच नाही मी."

त्यानंतर सायकल बोळात भिंतीला टेकून राहिली. आई तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. दादा म्हणाला, "विकून टाक. मी सोडत जाईन तुला."

"तुझ्या मागे बसून मी सुखरूप राहीन रे," ताई म्हणाली. "पण परवा तू वळणावर त्या पोस्टमनच्या सायकलला कसं दाबलंस, ते बघितलंय मी. त्याला कोण सोडणार?"

दादा जेवण अर्धवट टाकून उठला. दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन माझा पोचा काढत बसला, पण तो काही नीट निघाला नाही. माझा आवाज बसला तो बसलाच.

आज ताई पुन्हा निघाली आहे. थांब्यावर बस दिसली तशी ती मागेच थांबली, आरशात दिसेल अशी, आणि कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी हलली नाही. बस त्याच ड्रायव्हरकाकांची होती. त्यांनी आरशात बघितलं, खिडकीतून हात बाहेर काढून 'थांब हं' अशी खूण केली आणि मगच बस काढली.

पण काका एकटेच. बाकीचे कुणी आम्हाला ओळखत नाहीत. त्यांच्या काचा बंद, आत गाणी चालू, कानाशी फोन. माझं ठक-ठक त्यांना कुठून ऐकू जाणार? मला भीती वाटते हो. फार भीती वाटते.

आत्ता आम्ही चौकात उभे आहोत. दिवा हिरवा होतोय. तुमची गाडी आमच्या शेजारीच आहे आणि तुम्हाला वळायचंय. ताईचा अंगठा माझ्या खटक्यावर आहे. बघा ना एकदा आरशात.